प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव : उपाय कोठे अडतात?

मूल सुखरूप जन्मले, पेढे वाटले गेले आणि घटकाभरात बाळंतीण हातची गेली, अशी हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. 'अंगावरून फार गेले' एवढेच कारण सांगून दैवाला बोल लावला जाई. मातांच्या मृत्यूच्या कारणांत या रक्तस्रावाचे स्थान आजही अग्रभागी आहे. त्यावर गुणकारी उपाय आहेत. तरीही ते कधी कधी निष्फळ का ठरतात, हे येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजले आहे.

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटास अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. गर्भाशयाचे स्नायू या वाहिन्यांभोवती जाळ्यासारखे गुंफलेले असतात. ते आवळले की प्रवाह थांबतो. ते शिथिल राहिले तर रक्त वाहतच राहते. दहापैकी सुमारे सात वेळा कारण हेच असते. वारेचा तुकडा आत राहणे, प्रसूतिमार्ग फाटणे आणि रक्त न गोठणे ही उरलेली तीन कारणे.

उपाय अडण्याचे पहिले ठिकाण येथेच आहे. गर्भाशय आवळणारे ऑक्सिटोसिन व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी 1953 साली प्रयोगशाळेत तयार केले व 1955 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु जखम फाटलेली असेल तर तिला टाकाच हवा, आणि वारेचा तुकडा राहिला असेल तर तो काढलाच पाहिजे. तेथे केवळ इंजेक्शनाने भागत नाही.

दुसरे ठिकाण औषधाच्या साठवणीचे. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात ठेवावे लागते. उन्हातून आलेली किंवा वीज गेल्यावर तापलेली कुपी दिसायला तशीच, पण गुणाने उणी असू शकते. शिवाय कळा वाढविण्यासाठी हेच औषध तासन्‌तास दिले गेले असेल, तर गर्भाशय पुढे त्याला नीट दाद देत नाही. मग दुसरे औषध लागते. त्यांपैकी मेथर्जिन रक्तदाब वाढलेल्या स्त्रीस देता येत नाही.

तिसरे ठिकाण वेळेचे. नजरेने केलेला रक्ताचा अंदाज बहुधा कमी भरतो. मोजमापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी बाळंतिणीखाली ठेवून आणि सर्व उपाय एकदम सुरू करून आफ्रिकेतील चार देशांत जो प्रयोग झाला, त्याचे फल 2023 साली प्रसिद्ध झाले : तीव्र रक्तस्राव व त्याचे गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटले. रक्ताची गुठळी टिकवून धरणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे 2017 साली वीस हजार स्त्रियांवरील अभ्यासात आढळले. दर पाव तासाच्या विलंबाने मात्र त्याचा गुण उणावत जातो.

या शोधकार्यात आपल्या सीमाभागाचाही वाटा आहे. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत परिचारिका-दाईंनी प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. हा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. या गोळ्यांना शीतकपाट लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण.

चौथे ठिकाण स्त्रीच्या अंगातील शिल्लक. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. अशा स्त्रीस थोडे रक्त गेलेलेही सोसत नाही. स्राव लांबला की गोठविणारी द्रव्ये संपतात, अंग गार पडते आणि औषधेही हतबल होतात. तेव्हा रक्त चढविणे, गर्भाशयात फुगा भरणे, बाहेरून टाके घालून ते आवळणे आणि अखेरीस ते काढणे, हे मार्ग उरतात. शेवटचा मार्ग वेळीच पत्करणे म्हणजे हार नव्हे; त्यात आईचा जीव वाचतो.

यात कुटुंबाचे काम थोडे, पण मोलाचे आहे. गरोदरपणी रक्त तपासून लोहाच्या गोळ्या नेमाने द्याव्यात. प्रसूती रुग्णालयात व्हावी, आणि तेथे रक्ताची सोय कोठून होते हे आधीच विचारून ठेवावे. पहिले दोन तास बाळंतिणीजवळून हलू नये. कपडे भराभर भिजू लागले, घेरी आली किंवा जीव घाबरा झाला, तर संकोच न करता परिचारिकेस हाक मारावी. आणि ज्यांची प्रकृती धडधाकट आहे, त्यांनी रक्तदान करावे. कोणा अनोळखी घरची आई त्यावर वाचेल.