तिकिटाचा रुपया निर्मात्यापर्यंत पोहोचतो कसा

चित्रपटाच्या धंद्यात तीन पक्ष असतात: चित्रपट बनवणारा निर्माता, तो बाजारात नेणारा वितरक आणि पडद्यावर लावणारा प्रदर्शक. खिडकीवरची रोकड आधी प्रदर्शकाच्या हाती पडते, निर्मात्याच्या हाती सर्वांत शेवटी. भोसरी-चाकणच्या एमआयडीसीतला व्हेंडर पर्चेस ऑर्डर आल्याशिवाय मशीनवर जॉब चढवत नाही. निर्माता मात्र गिऱ्हाईक ठरण्याआधीच सगळा माल तयार करून बसतो. या पट्ट्यातून मराठी चित्रपटात पैसा घालू पाहणाऱ्याने कॅमेऱ्याच्या भाड्याआधी हे समजून घेतलेले बरे.

या धंद्याची सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळके यांच्यापासून. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून विलायतवारी, ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’चे प्रदर्शन, १९१८मध्ये भागीदारीतली हिंदुस्थान फिल्म कंपनी आणि मग भागीदारांशी खटके, हे सर्वश्रुत आहे.

धंदा शिकावा तो ‘प्रभात’ फिल्म कंपनीकडून. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी १९२९मध्ये कोल्हापुरात कंपनी काढली आणि १९३३मध्ये ती पुण्याला हलवली. ‘प्रभात’चे कॅमेरे आणि सेट यांवर पुष्कळ लिहिले गेले, वितरणाची बाजू मात्र उपेक्षित राहिली. बाबूराव पै यांच्या फेमस पिक्चर्सकडे हे काम होते. देहूच्या तुकोबांवरचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला. चित्रपट जास्त आठवडे चालला की निर्मितीचा खर्च तेवढाच राहतो, आवक चालू राहते. खरी कमाई तिथे असते. पुढे भागीदारी विसविशीत झाली, १९४२मध्ये शांताराम बाहेर पडले. त्याच स्टुडिओच्या आवारात १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली.

आता हिशेब. चिंचवडच्या मल्टिप्लेक्समधले एक तिकीट घ्या. जीएसटी वजा जाता १०० रुपये उरले, तर ते ‘नेट’. निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांच्या वादातून झालेल्या २००९च्या संपानंतर हिंदी चित्रपटांसाठी ठरलेला निर्माता-वितरकांचा वाटा असा: पहिल्या आठवड्यात नेटच्या ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. मराठीलाही हाच दर धरला, तर पहिल्या आठवड्यातही हा वाटा, म्हणजे ‘शेअर’, ५० रुपयेच. त्यातून वितरकाचे कमिशन, जाहिरात आणि डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क जाते. दोन कोटी खर्च झाला असेल, तर निव्वळ मुद्दल सुटायला याच दराने चार लाख तिकिटे खपली पाहिजेत, आणि तीही कमिशन न धरता! रोज रात्री येणारा डीसीआर, म्हणजे खेळवार तिकीटविक्रीचा तक्ता, वाचता येणे ही निर्मात्याची बाराखडी. एकपडदा थिएटरचा मामला वेगळा; तिथे बरेचदा ठोक भाडे भरावे लागते आणि प्रेक्षक फिरकला नाही तरी ते चुकत नाही.

गंमत नकाशाची आहे. सिनेव्यापाराने देश सर्किटांत, म्हणजे वितरणाच्या विभागांत, वाटला तो राज्यपुनर्रचनेआधी. त्यामुळे पुणे, पिंपरी-चिंचवड मुंबई सर्किटमध्ये, विदर्भ सीपी-बेरारमध्ये आणि मराठवाडा निजाम सर्किटमध्ये. १९६०मध्ये मराठी राज्य एक झाले, व्यापाराच्या वह्या मात्र जुन्याच हद्दी पाळत राहिल्या. मराठी निर्मात्याला आपल्याच राज्यात तीन बाजार!

थिएटरबाहेर उपग्रह हक्क, ओटीटी, संगीताचे हक्क आणि राज्य शासनाचे दर्जानुसार अनुदान एवढी आवक उरते. अनुदान चित्रपट बनल्यावर, परीक्षणानंतर मिळते. त्यावर भिस्त ठेवून चित्रीकरण सुरू करणे हा शुद्ध जुगार. हक्कांचे करार लेखक, संगीतकार आणि कलावंतांशी आधीच लेखी झालेले नसतील, तर ओटीटीची खरेदी कागदपत्रांवर अडते.