तालुका कोर्टाची घडण : महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची स्थापना, पुनर्रचना आणि प्रशासन

महाराष्ट्रातील बहुतेक पक्षकारांचा न्यायव्यवस्थेशी येणारा संबंध तालुक्याच्या न्यायालयात सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. साक्षीदाराचा जबाब प्रत्यक्ष ऐकून, पुरावा नोंदवून मूळ निकाल देण्याचे काम याच पातळीवर होते; वरची न्यायालये प्रायः या कागदांच्या आधारे त्या निकालाची तपासणी करतात. असे असूनही न्यायसंस्थेच्या इतिहासात उच्च न्यायालयांना जेवढी पाने मिळाली, तेवढी या न्यायालयांना मिळाली नाहीत, आणि ही उणीव लहान नव्हे. न्यायालय कोणी स्थापन करायचे, तेथील न्यायाधीश कोणाच्या ताब्यात असायचा आणि त्याचा खर्च कोणी मंजूर करायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्या हाती, त्याच्या हाती सामान्य माणसाचा न्याय असतो. पहिल्या दोन प्रश्नांचा बराचसा निर्णय गेल्या दीडशे वर्षांत लागला आहे. तिसरा अद्याप शासनाच्या दारात उभा आहे.

पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनच्या प्रदेशात पंचायतीची जुनी पद्धत शक्य तितकी टिकवावी, असा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा कल होता. तथापि तोच मुंबईचा गव्हर्नर असताना १८२७ मध्ये जी विनियमसंहिता लागू झाली, तिने जिल्हा न्यायालयांची बांधीव रचना उभी केली. जिल्ह्याचा न्यायाधीश युरोपीय असे आणि त्याच्या हाताखाली मर्यादित रकमेचे दावे ऐकणारे एतद्देशीय अधिकारी असत, जे पुढे मुन्सफ, सदर अमीन आणि प्रिन्सिपल सदर अमीन या चढत्या दर्जांनी ओळखले जाऊ लागले. मुंबई बेटावर मात्र राजाच्या सनदेने १८२४ मध्ये सुरू झालेले सुप्रीम कोर्ट होते, तर बेटाबाहेरच्या मुलखात, म्हणजे मोफसलात, कंपनीच्या सदर दिवाणी व सदर फौजदारी अदालती सर्वोच्च होत्या. एकाच इलाख्यातील या दोन उतरंडी १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले, तेव्हा माथ्याशी एकत्र आल्या. पायथ्याशी त्यांतील अंतर पुढे कित्येक दशके कायम राहिले.

मोफसलातील दिवाणी न्यायालयांना आजचा आकार दिला तो १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय अधिनियमाने. जिल्हा न्यायाधीश, संयुक्त न्यायाधीश, सहायक न्यायाधीश आणि त्यांच्याखाली पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश अशी श्रेणी या कायद्याने ठरवली. दुसऱ्या वर्गाच्या न्यायाधीशाला ५,००० रुपयांपर्यंतचे दावे चालवता येत, पहिल्या वर्गाला रकमेची मर्यादा नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८७१ मध्ये पुण्यास याच पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले, यावरून त्या पदाचे समाजातील वजन ध्यानात येते. स्वातंत्र्यानंतर या दोन वर्गांना दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर आणि कनिष्ठ स्तर अशी नावे मिळाली. जाहीर नोटिशींत आढळणारी ‘रे. मु. नं.’ आणि ‘स्पे. मु. नं.’, म्हणजे रेग्युलर व स्पेशल मुकदमा, ही अक्षरे याच विभागणीची खूण होत, कारण कनिष्ठ स्तराच्या आर्थिक मर्यादेपलीकडचे दावे ‘स्पेशल’ म्हणून वरिष्ठ स्तराकडे नोंदले जातात.

दिवाणी बाजू अशी लवकर स्वतंत्र झाली, पण फौजदारी बाजूची कथा वेगळी आणि अधिक क्लेशकारक आहे. जिल्ह्याचा कलेक्टर हाच जिल्हा मॅजिस्ट्रेट असे. तालुक्याचा मामलेदार सारा वसूल करी, शांततेची जबाबदारी वाही आणि दंडाधिकारी म्हणून खटलेही चालवी. ज्या अधिकाऱ्याची बढती कलेक्टरच्या शेऱ्यावर अवलंबून, त्याने पोलिसांनी उभ्या केलेल्या आरोपीला निःशंकपणे सोडून द्यावे, ही अपेक्षा कागदावर कितीही रास्त असली तरी व्यवहारात ती त्या अधिकाऱ्यावरच अन्याय करणारी होती. शेतसारा थकवणाऱ्या रयतेला तर वसूल करणारा आणि शिक्षा देणारा एकाच कचेरीत, कित्येकदा एकाच खुर्चीत, भेटत असे. राष्ट्रसभेने १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनातच कार्यकारी आणि न्यायिक कामे वेगळी करण्याची मागणी ठरावाने केली, परंतु एकवटलेल्या अधिकारातच राज्यकर्त्यांचा दरारा असल्याने सरकारने ती दीर्घकाळ टाळली.

संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या विलगीकरणाचे कलम मांडले. त्यात आरंभी तीन वर्षांची मुदत होती. चर्चेत ती गळाली आणि आज अनुच्छेद ५० मध्ये केवळ राज्याने विलगीकरणासाठी उपाययोजना करावी, असे निदेशक तत्त्व उरले आहे. मुदत गेल्यामुळे अनेक प्रांतांनी सवडीने पावले टाकली. त्या मानाने तत्कालीन मुंबई राज्याने १९५१ मध्येच न्यायिक व कार्यकारी कार्ये विलग करणारा स्वतंत्र कायदा केला, ही त्या राज्याच्या श्रेयाची गोष्ट आहे. देशभर ही व्यवस्था १ एप्रिल १९७४ रोजी अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने रूढ केली. तेव्हापासून गुन्ह्याचा खटला चालवणारा न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली, तर जमावबंदी किंवा चांगल्या वर्तणुकीचे जामीन यांसारखी प्रतिबंधक कामे करणारा कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे बहुधा तहसीलदार वा प्रांताधिकारी, शासनाखाली अशी विभागणी झाली.

न्यायाधीश कोणाच्या ताब्यात, या प्रश्नाचे उत्तर अनुच्छेद २३३ ते २३७ मध्ये आहे. जिल्हा न्यायाधीशांची नेमणूक राज्यपाल उच्च न्यायालयाच्या विचाराने करतात; त्याखालील न्यायाधीशांच्या बदल्या, बढत्या व रजा उच्च न्यायालयाकडे असतात, आणि अनुच्छेद २३५ जिल्हा व त्याखालील सर्व न्यायालयांवरील ‘नियंत्रण’ त्याच न्यायालयाकडे सोपवतो. या नियंत्रणात शिस्तभंगाची चौकशीही येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये पश्चिम बंगालमधील न्यायाधीश बागची यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. १९६६ मध्ये चंद्रमोहन प्रकरणात कार्यकारी सेवेतील अधिकाऱ्यांना थेट जिल्हा न्यायाधीश करता येणार नाही, असेही ठरले. चौकशीचा धाक शासनाच्या हाती राहिला असता, तर शासनाविरुद्धचा साधा भूसंपादनाचा दावाही मोकळ्या मनाने चालला नसता.

भाषिक पुनर्रचनेने या घडणीपुढे वेगळेच काम टाकले. विदर्भातील न्यायालये मध्य प्रांताच्या कायद्यांखाली आणि १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालयाखाली होती, तर मराठवाड्यातील न्यायालये हैदराबादच्या परंपरेत वाढली होती. १९५६ नंतर या सर्वांना मुंबईच्या चौकटीत आणताना हुद्दे, सेवाज्येष्ठता आणि कामाच्या पद्धती जुळवाव्या लागल्या. गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील न्यायालयांची जागा १९६५ च्या स्वतंत्र दिवाणी न्यायालय कायद्याखालील रचनेने घेतली. पणजीला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८२ मध्ये आले.

मुंबई शहराची वाट निराळी होती. तेथे मोठे दिवाणी दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होत, म्हणून हा भार हलका करण्यासाठी १९४८ मध्ये नगर दिवाणी न्यायालय स्थापन झाले. आरंभी १०,००० रुपयांपर्यंत असलेली त्याची मर्यादा १९५० मध्ये २५,००० झाली, तेव्हा राज्य सरकारला असा अधिकार आहे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याच वर्षी तो राज्याच्या बाजूने सुटला. २०१२ च्या कायद्याने ही मर्यादा १ कोटी आणि २०२३ च्या दुरुस्तीने १० कोटी केली. फौजदारी बाजूला शहराचे वेगळेपण अलीकडेच मावळले, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत महानगर दंडाधिकारी हा वर्गच उरलेला नाही.

एखाद्या तालुक्याला नवे न्यायालय मिळते ते कसे, हे जवळून पाहिले की प्रशासनाचा खरा गुंता उलगडतो. स्थानिक वकील संघाची मागणी, प्रलंबित प्रकरणांची संख्या, सध्याच्या न्यायालयापासूनचे अंतर आणि जागेची उपलब्धता यांवर जिल्हा न्यायाधीशांचा अहवाल उच्च न्यायालयाकडे जातो. तेथून प्रस्ताव विधी व न्याय विभागाकडे, पदांच्या मंजुरीसाठी वित्त विभागाकडे आणि इमारतीसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाकडे फिरतो. शेवटी राजपत्रात अधिसूचना निघून न्यायालयाचे ठिकाण आणि हद्द जाहीर होते. महसुली नकाशा आणि न्यायालयीन नकाशा एकाच वेळी बदलतात असेही नाही. पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी महसुली जिल्हा झाला, परंतु न्यायालयीन कामासाठी तो त्यानंतरही ठाणे जिल्हा न्यायालयाच्या कक्षेत राहिला.

अधिसूचना निघाल्यावर नव्या हद्दीतील गावांची प्रकरणे वेगळी काढावी लागतात. प्रत्येक दाव्याचा रोजनामा, म्हणजे तारीखवार घडलेल्या कामकाजाची नोंद, निशाणी क्रमांक घातलेले कागद आणि फौजदारी प्रकरणांतील जप्त मुद्देमाल यांची यादीबरहुकूम मोजदाद होते, आणि एखादा मूळ दस्त गहाळ झाला तर त्या पक्षकाराचे अख्खे प्रकरण अडते. न्यायाधीशाइतकीच गरज येथे नाझराची आणि बेलिफांची असते. नाझर हा न्यायालयातील पैशाचा, जप्तीचा आणि समन्स-नोटिसांच्या बजावणीचा जबाबदार अधिकारी. त्याच्या हाताखालचे बेलिफ समन्स घेऊन गावोगाव जातात. बेलिफ कमी असले की समन्स बजावले न जाता परत येते, तारीख पुढे पडते आणि हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त मूळ दाव्याहून अधिक काळ रेंगाळते. न्यायदानातील विलंबाचा दोष सरसकट न्यायाधीशांच्या माथी मारणाऱ्यांनी एकदा नाझर विभागातील रिकाम्या खुर्च्यांकडे पाहायला हवे.

या खुर्च्या भरण्याचा अधिकार न्यायालयाचा असला, तरी त्या किती असाव्यात हे शासनाची तिजोरी ठरवते. विधी आयोगाने १९८७ च्या १२० व्या अहवालात दर १० लाख लोकसंख्येमागे न्यायाधीशांची संख्या सुमारे १०.५ वरून ५० पर्यंत नेण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अखिल भारतीय न्यायाधीश संघाच्या प्रकरणात ती पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने गाठण्याचा आदेश दिला. दोन दशकांनंतरही मंजूर पदांचे प्रमाण २१ च्या आसपास आहे. तात्पुरत्या उपायांचा अनुभवही बोधक आहे. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने देशात १,७३४ जलदगती न्यायालयांसाठी ५०२.९० कोटी रुपये मंजूर झाले, निवृत्त न्यायाधीश आणि तात्पुरत्या नेमणुका यांच्या बळावर ती चालली आणि ३१ मार्च २०११ रोजी केंद्राचा निधी थांबला. २०१२ मध्ये ब्रिजमोहन लाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही न्यायालये चालू ठेवायची असतील तर ती कायम स्वरूपात ठेवावीत, अशी दिशा राज्यांना दिली. ज्या राज्यांनी ती बंद केली, तेथील अपुरे राहिलेले खटले साक्षीपुराव्यासह नियमित सत्र न्यायालयांच्या बोर्डावर परत आले.