पेन ड्राइव्ह आणि युनिक्स : आपोआप जोडणीमागील व्यवस्था

पेन ड्राइव्ह संगणकात खोचला की क्षणार्धात पडद्यावर त्याचे चित्र उमटते व आतील कागदपत्रे दिसू लागतात. लिनक्ससारख्या युनिक्स परंपरेतील प्रणालींत हे काम तिघांनी वाटून घेतलेले आहे.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मास आलेल्या युनिक्समध्ये प्रत्येक डिस्कला विंडोजप्रमाणे वेगळे अक्षर नसते. सर्व फाइली एकाच वृक्षावर असतात. नवी डिस्क म्हणजे त्या वृक्षावर बांधलेले कलम होय. या बांधणीस ‘माउंट’ म्हणतात. पूर्वी त्यासाठी व्यवस्थापकास हाताने आज्ञा द्यावी लागे.

आता खोचलेल्या उपकरणाची चाहूल प्रथम कर्नेलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, लागते. तो वर्दी देतो. ‘यूडेव्ह’ हा सेवक ती घेऊन उपकरणाची नोंद करतो आणि त्यावरील ‘यूयूआयडी’ हा ओळखक्रमांक वाचून ठेवतो. या क्रमांकाचे महत्त्व असे की, एसडीबी, एसडीसी ही नावे जोडणीच्या क्रमानुसार बदलू शकतात. त्यांवर विसंबून दिलेली आज्ञा भलत्याच डिस्कवर चालण्याचा संभव असतो. शेवटी ‘यूडिस्क्स’ हा तिसरा सेवक, पडद्यावरील कार्यक्रमाच्या विनंतीवरून, प्रत्यक्ष बांधणी करतो. परक्या पेन ड्राइव्हवरील प्रोग्रॅमला व्यवस्थापकाचे अधिकार बळकावता येऊ नयेत, अशी अटही तो त्याच वेळी घालतो. यामुळे विषाणूंची धास्ती संपली, असे मात्र नव्हे.

बांधणी आपोआप होते. सोडवणूक होत नाही, आणि खरी हानी होते ती येथेच. वेग साधावा म्हणून कर्नेल लिहावयाचा मजकूर प्रथम स्मृतीत ठेवतो व सवडीने पेन ड्राइव्हवर उतरवतो. नेहमीच्या मांडणीत हा मजकूर सुमारे ३० सेकंदही स्मृतीत राहू शकतो. फाइल मोठी असल्यास उतरविण्यास आणखी वेळ लागतो. नक्कल पूर्ण झाल्याचे पडद्यावर दिसत असते, प्रत्यक्षात ती अपुरी असते. पंचायतीच्या कर्मचाऱ्याने घरपट्टीची आकारणी नोंदवही अशा रीतीने तालुक्यास नेली आणि तेथे ती उघडेना, तर बोल मात्र पेन ड्राइव्हला लागतो! म्हणून उपकरण काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ची आज्ञा द्यावी आणि सुरक्षित काढता येईल असा संदेश येईपर्यंत थांबावे.

कधीकधी उपकरण वापरात असल्याचे सांगून प्रणाली ही आज्ञा नाकारते. अशा वेळी ओढाताण न करता त्यावरील उघडी फाइल बंद करावी. फाइल उघडी नसूनही नकार आला, तर टर्मिनलची एखादी खिडकी पेन ड्राइव्हवरील निर्देशिकेत उभी नाही ना, हे पाहावे. तीही ‘वापर’ म्हणूनच गणली जाते.