शाश्वत विकासाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींतील प्रादेशिक गटांच्या भूमिका : गोदावरी खोऱ्यातील समन्यायी पाणीवाटपाच्या संदर्भात

प्रस्तावना

१९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली. भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या पिढीच्या गरजा भागविणारा विकास, असा तिचा आशय आहे. या व्याख्येला जगातील कोणत्याही राष्ट्राचा विरोध नाही. मतभेद निर्माण होतात ते कोणी किती झळ सोसावी, केव्हा सोसावी आणि खर्च कोणी करावा या प्रश्नांवर. या प्रश्नांची उत्तरे राष्ट्रे सहसा एकेकटी न देता गटाने देतात. हे गट कसे बनतात व त्यांच्या भूमिका कशावर ठरतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या परिचयाच्या पाणीप्रश्नाचा आधार घेतला आहे.

प्रमुख गट व त्यांच्या भूमिका

१९६४ साली ७७ विकसनशील राष्ट्रांनी एकत्र येऊन 'जी-७७' हा गट स्थापन केला. आज त्याची सदस्यसंख्या १३४ असून तो चीनसह वाटाघाटी करतो. प्रदूषणाचा ऐतिहासिक वाटा श्रीमंत राष्ट्रांचा आहे, म्हणून पहिली जबाबदारीही त्यांचीच, ही या गटाची मूळ भूमिका होय. १९९२ च्या रिओ परिषदेच्या जाहीरनाम्यातील सातव्या तत्त्वात ती 'सामायिक परंतु भिन्न जबाबदाऱ्या' या शब्दांत मान्य झाली.

युरोपीय संघ एकमुखाने बोलतो व कालबद्ध, मोजता येणाऱ्या उद्दिष्टांचा आग्रह धरतो. समुद्रपातळी वाढल्यास ज्यांचे अस्तित्वच धोक्यात येते अशा लहान बेटराष्ट्रांनी १९९० साली स्वतःची आघाडी उभारली. आफ्रिकी गट व अल्पविकसित राष्ट्रांचा गट अर्थसाहाय्य आणि बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याची क्षमता यांवर भर देतात. २००९ च्या कोपनहेगन परिषदेपूर्वी ब्राझील, दक्षिण आफ्रिका, भारत व चीन यांनी 'बेसिक' गट स्थापन केला.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. एकच राष्ट्र अनेक गटांत असू शकते आणि एका गटातील राष्ट्रांचे हितसंबंध परस्परविरोधी असू शकतात. २०११ च्या दरबान परिषदेत बेटराष्ट्रे व अल्पविकसित राष्ट्रे युरोपीय संघाच्या बाजूने उभी राहिली. मोठ्या विकसनशील राष्ट्रांनीही कायदेशीर बंधन स्वीकारावे, अशी त्यांची मागणी होती. भारताने मात्र समन्यायाचा मुद्दा लावून धरला. म्हणजे ज्या भारताने श्रीमंत राष्ट्रांकडे न्याय मागितला, त्याच भारताकडे त्याच्याच गटातील लहान राष्ट्रे न्याय मागत होती.

गोदावरी खोरे : वरच्या अंगाची भूमिका

हा पेच आपल्या जिल्ह्याला अनोळखी नाही. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. कालव्यांच्या पाण्यावर जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस आणि पुढे सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. मुळा धरणाने राहुरी, नेवासे परिसरात त्याचा विस्तार केला. गोदावरीवर पैठण येथे जायकवाडी धरणाचे लोकार्पण १९७६ साली झाले. या धरणासाठी शेवगाव व नेवासे तालुक्यांतील गावांच्याही जमिनी गेल्या.

नगर-नाशिकची भूमिका अशी की, आमचा वापर जुना आहे, त्यावर पिके व कारखाने उभे आहेत आणि नदीपात्रातून सोडलेले पाणी मोठ्या प्रमाणात वाटेतच जिरते. मराठवाड्याची भूमिका अशी की, वरच्या अंगाला साठे वाढत गेल्याने जायकवाडीत अपेक्षित पाणी येत नाही; खोरे एक आहे, म्हणून तूटही सर्वांनी वाटून घ्यावी. पहिली भूमिका प्रस्थापित वापराची, तर दुसरी समन्यायाची आहे. आंतरराष्ट्रीय परिषदांत औद्योगिक व विकसनशील राष्ट्रांमध्ये होणारा युक्तिवाद याहून फार वेगळा नसतो.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ च्या कलम १२ मधील पोटकलम ६ ने टंचाईच्या वर्षी खोऱ्यातील सर्व जलाशयांतील वापरण्यायोग्य पाण्याची टक्केवारी शक्यतो समान ठेवण्याचे तत्त्व घातले. तथापि, केवळ तत्त्वाने पाणी खाली आले नाही. मेंढेगिरी समितीने २०१३ साली कोणत्या स्थितीत कोणत्या धरणसमूहातून किती पाणी सोडावे याचे कोष्टक दिले. प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी त्याआधारे आदेश दिला. १५ ऑक्टोबर रोजी आढावा घ्यावा आणि खरीप वापर धरून जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरून पाणी सोडावे, असे ठरले. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा आदेश कायम ठेवला. त्यानुसार २०२३ च्या टंचाईत ८.६०३ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात मुळा धरणाचा वाटा २.१० व प्रवरा समूहाचा ३.३६ टीएमसी होता. त्याच वर्षी या नियमांच्या फेरविचारासाठी शासनाने अभ्यासगटही नेमला.

कुकडी : शेपटाकडील भूमिका

याच जिल्ह्याचा दक्षिण भाग भीमा खोऱ्यात येतो. कुकडी प्रकल्पाची धरणे पुणे जिल्ह्यात आहेत आणि पारनेर, श्रीगोंदे, कर्जत हे तालुके कालव्याच्या पुढील टप्प्यांवर आहेत. येथील शेतकरी आवर्तनाच्या वेळी जो मुद्दा मांडतो तो नेमका मराठवाड्याचा मुद्दा असतो : पाणी वरच अडते, शेवटपर्यंत पोहोचत नाही. राहुरीत प्रस्थापित वापराचे समर्थन करणारा जिल्हा कर्जतमध्ये समन्यायाची मागणी करतो. दोन्ही मागण्या प्रामाणिक आहेत. परंतु यावरून हे स्पष्ट होते की, गटाची भूमिका बहुतांशी प्रवाहातील त्याच्या स्थानावरून ठरते. तत्त्वांची निवड नंतर होते.

तत्त्वाकडून आकड्याकडे

आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचा इतिहासही हेच दर्शवितो. रिओचे तत्त्व १९९७ च्या क्योटो कराराने आकड्यात आणले. औद्योगिक राष्ट्रांनी २००८ ते २०१२ या काळात उत्सर्जन १९९० च्या पातळीपेक्षा एकत्रितपणे किमान ५ टक्क्यांनी घटवावे, असे ठरले. मात्र अमेरिकेने त्यास मान्यता दिली नाही. २०१५ च्या पॅरिस करारात १.५ अंशांचा उल्लेख आला तो प्रामुख्याने बेटराष्ट्रांच्या चिकाटीमुळे. हानीच्या भरपाईची कल्पना त्यांनी १९९१ सालीच मांडली होती. त्यासाठीचा निधी मान्य होण्यास २०२२ साल उजाडले. २०२४ च्या बाकू परिषदेत विकसनशील राष्ट्रांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलरची अपेक्षा मांडली. प्रत्यक्षात २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले व भारताने त्यावर तीव्र नाराजी नोंदविली.

गटांच्या भिंती ओलांडण्याचाही एक प्रयोग झाला आहे. शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरविणाऱ्या कार्यगटात ३० जागा ७० राष्ट्रांनी वाटून घेतल्या. भारत, पाकिस्तान व श्रीलंका यांची जागा एकच होती. ठरीव गटभूमिकेऐवजी प्रश्नागणिक चर्चा झाल्याने १७ उद्दिष्टे व १६९ लक्ष्ये यांवर एकमत शक्य झाले आणि २०१५ साली ती स्वीकारली गेली.

निष्कर्ष

१. प्रादेशिक गटाची भूमिका समजून घेताना त्याचे तत्त्व पाहण्यापूर्वी त्याचे स्थान पाहावे.

२. समन्यायाचे तत्त्व आकडा, तारीख आणि अंमलबजावणी करणारी यंत्रणा यांशिवाय परिणामकारक ठरत नाही. गोदावरी खोऱ्यात या तिन्ही गोष्टी काही अंशी आहेत. आंतरराष्ट्रीय स्तरावर आकडे व तारखा आहेत, पण सक्तीची यंत्रणा दुबळी आहे.

३. आकडा अंतिम नसतो. नवीन माहितीनुसार तो बदलण्याची सोय असणे हा कराराचा दोष नव्हे, ते त्याचे बळ होय.

आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजारने ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पावसाच्या प्रमाणात पिके ठरविण्याची पद्धत रुजविली. तेथे वरचा व खालचा हा भेद एका शिवारापुरता का होईना, मोजमापाने मिटविला गेला. राष्ट्रांच्या परिषदेला ग्रामसभेची जवळीक लाभणे अवघड आहे. परंतु श्रीमंत राष्ट्रांकडे न्याय मागणाऱ्या आपण तोच मापदंड पैठणच्या शेतकऱ्याला लावण्याची तयारी ठेवली, तरच आपल्या मागणीला नैतिक वजन प्राप्त होईल.