ईसीयू बदलण्याआधी दोन वायरींचं ऐका : बाइकमधली कॅन बस आणि करंटचा हिशोब

मी मूळचा हिंगोली जिल्ह्यातल्या हट्ट्याचा, नोकरीला पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. गावाकडच्या मित्रांचा ठरलेला प्रश्न असतो, "नव्या गाडीत ईसीयू, एबीएस, सेन्सर सगळं आलंय, पण बंद पडली की मिस्त्री हात लावत नाही. हे असतं तरी काय?" आजचा भाग त्यावरच.

हे सगळं अचानक का आलं? कारण नियम बदलले. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झालं आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धुराची नवी मर्यादा कार्बोरेटरला झेपणं अवघड होतं, म्हणून बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसलं. आता पेट्रोल किती आणि कधी सोडायचं, हे ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो.

मोठ्या गाड्यांत असे दोन-तीन कॉम्प्युटर असतात : इंजिनचा, एबीएसचा, मीटरचा. प्रत्येकाला दुसऱ्याशी वेगळ्या वायरीने जोडलं तर वायरींचं जंजाळ होईल. त्यावर बॉश कंपनीने १९८६ साली कॅन बस ही पद्धत मांडली. आधी ती कारसाठी होती, नंतर बाइकमध्येही आली.

कॅनमध्ये एकमेकींना पीळ दिलेल्या फक्त दोन वायरी असतात. शांत असताना दोन्हींवर साधारण २.५ व्होल्ट. संदेश जाताना एक ३.५ वर चढते, दुसरी १.५ वर उतरते. वाचणारा फक्त दोघींतला फरक बघतो. प्लगच्या ठिणगीमुळे गडबड झाली तरी ती दोन्ही वायरींत सारखीच शिरते, त्यामुळे फरक तोच राहतो.

आता हे बोलणं ग्रामसभेसारखं समजा. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जातं, ज्याच्या कामाचं असेल तो घेतो. दोघं एकदम बोलायला लागले तर? प्रत्येक संदेशाला नंबर असतो. लहान नंबरवाला पुढे बोलतो, दुसरा गप्प बसून नंतर परत प्रयत्न करतो. म्हणून महत्त्वाच्या संदेशांना लहान नंबर देतात.

याचा रस्त्यावर काय उपयोग? २०२४ मध्ये आलेली बजाज पल्सर एनएस४००झेड घ्या. तिच्यात राइड-बाय-वायर आहे. म्हणजे मूठ पिळली की केबल ओढली जात नाही. मुठीतला सेन्सर ईसीयूला कळवतो आणि छोटी मोटर थ्रॉटलचा पडदा उघडते. आता पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीचा चिखल डांबरी रस्त्यावर आलाय आणि मागचं चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरायला लागलं. चाकांचा वेग एबीएसचे सेन्सर मोजतात, तो ईसीयूपर्यंत पोचतो आणि तुम्ही मूठ तशीच धरली तरी इंजिनचा जोर कमी होतो. हेच ट्रॅक्शन कंट्रोल.

पण हे सगळं चालतं बॅटरीवर, आणि घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. इंजिन फिरलं की मॅग्नेट कॉइल एसी करंट बनवते. रेग्युलेटर त्याचा डीसी करून साधारण १४ व्होल्टवर धरून ठेवतो. कॉइलची ताकद ठरलेली असते आणि कमी आरपीएमला ती आणखी कमी पडते. त्यात तुम्ही ५५ वॉटचे दोन हॅलोजन लावले तर ११० वॉट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. गाडी बंद ठेवून ते चालू राहिले तर ८ अँपिअर-अवरची बॅटरी तासभरही टिकत नाही. त्यातून फिटरने मूळ वायरिंग सोलून जोड मारला असेल, तर कॅनच्या वायरीलाही धक्का लागू शकतो. लाइट लावायचाच असेल तर बॅटरीवरून वेगळी लाइन, फ्यूज आणि रिले घालून घ्या.

हट्ट्यातल्या एका मित्राला तालुक्याच्या गॅरेजमध्ये सरळ सांगितलं, "ईसीयू गेला." आम्ही मल्टिमीटर लावला. स्टार्टर मारला की व्होल्टेज ८ वर पडायचं आणि मीटर रिसेट व्हायचा. बॅटरीची अर्थची वायर ढिली होती. पाना फिरवला, काम झालं.

म्हणून ईसीयूचे पैसे देण्याआधी एवढं तपासा :

गाडी बंद असताना चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. चालू असताना, थोडी रेस देऊन, १३.५ ते १४.५. चालू गाडीतही आकडा १२ च्या घरातच असेल तर रेग्युलेटर किंवा कॉइल बघा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटरवर संशय घ्या.

कॅन असलेल्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि दोन कॅन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. कोणती पिन कोणती, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून मीटरवर ६० यायला हवेत. १२० आले तर कुठेतरी तुटलंय. शून्याजवळ आले तर वायरी एकमेकींना चिकटल्यात.

एवढं सगळं ठीक निघालं तरच स्कॅनर लावून एरर कोड वाचायला जा, आणि कोड काय आला ते लिहून मागा. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सरच खराब असं नाही, त्याची वायर किंवा कपलरही असू शकतो.

मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत येतो. गावात चौघांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. तुमच्या गाडीचे आकडे काय आले ते कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.