कृपादान: मिळते एकाला, असते सर्वांसाठी

ख्रिस्ती धर्मविचारात ‘कृपादान’ या शब्दाला विशिष्ट अर्थ आहे. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘खारिस्मा’ हा ‘खारिस’ म्हणजे कृपा या शब्दापासून बनलेला असून, जे तपाने साधत नाही, मोल देऊन मिळत नाही आणि पात्रता पाहून वाटले जात नाही, असे देवाने निव्वळ कृपेने दिलेले देणे, असा त्याचा आशय आहे. मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांच्या समुदायाच्या, सेवेसाठी पवित्र आत्मा विश्वासणाऱ्यांना ज्या निरनिराळ्या क्षमता वाटून देतो, त्यांना कृपादाने असे म्हणतात. या व्याख्येतील ‘सेवेसाठी’ हा शब्द बाजूला पडला, की कृपादान हे मिरवण्याचे भूषण होते आणि मंडळीत त्यावरून चढाओढ सुरू होते. हा अनुभव पहिल्या शतकापासून आजपर्यंत वारंवार आलेला आहे.

कृपादानाची गल्लत जवळच्या तीन कल्पनांशी सहज होते. पहिली कल्पना उपजत गुणाची. गोड गळा किंवा वक्तृत्व हे आस्तिक-नास्तिक कोणातही असू शकते; कृपादान अशा गुणाच्या वाटेने प्रकट होत असले, तरी त्याची ओळख त्याच्या हेतूवरून, म्हणजे ते कोणासाठी वापरले जाते यावरून, पटते. दुसरी कल्पना ‘आत्म्याच्या फळा’ची. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता यांसारखे जे 9 गुण सांगितले आहेत, ते प्रत्येक ख्रिस्ती माणसाच्या आचरणात दिसावेत अशी अपेक्षा असते. कृपादाने मात्र वाटलेली असतात, एकाला एक तर दुसऱ्याला दुसरे. तिसरी कल्पना कॅथलिक परंपरेतील पवित्र आत्म्याच्या 7 वरदानांची. यशया संदेष्ट्याच्या 11 व्या अध्यायावर आधारलेली ही वरदाने, म्हणजे सुज्ञता, समज, सुमंत्रणा, धैर्य, ज्ञान, भक्तिभाव आणि देवाचे भय, दृढीकरण संस्काराच्या वेळी विशेषत्वाने मागितली जातात आणि ती ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची घडण करतात. कृपादानांचा रोख इतरांच्या हिताकडे असतो.

नव्या करारात कृपादानांच्या याद्या मुख्यतः 4 ठिकाणी येतात: रोमकरांस पत्राच्या 12 व्या, करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12 व्या, इफिसकरांस पत्राच्या 4 थ्या आणि पेत्राच्या पहिल्या पत्राच्या 4 थ्या अध्यायात. यांतील कोणतीही यादी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. एकीत रोग बरे करणे आणि अन्य भाषा बोलणे आहे, तर दुसरीत दानधर्म करणे आणि दया करणे आहे. इफिसकरांस पत्रात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक अशी माणसेच देणगी म्हणून सांगितली आहेत, तर पेत्र फक्त बोलण्याची सेवा आणि हातापायांची सेवा असे दोन ढोबळ भाग करून थांबतो. यावरून या याद्या नमुन्यादाखल आहेत आणि त्या त्या मंडळीची गरज पाहून लिहिलेल्या आहेत, हे उघड होते.

करिंथची मंडळी आणि तिचा पेच

या विषयाचे सर्वांत सविस्तर विवेचन ज्या मंडळीसाठी झाले, ती करिंथची मंडळी समजून घेतल्याशिवाय ते विवेचन नीट उमगत नाही. इ.स.पूर्व 146 मध्ये रोमन सैन्याने उद्ध्वस्त केलेले आणि इ.स.पूर्व 44 मध्ये ज्युलियस सीझरने रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलेले करिंथ हे चिंचोळ्या संयोगभूमीवरचे, लेखियन आणि किंख्रिया या दोन बंदरांमधले व्यापारी शहर होते. जुनी घराणी थोडी आणि नव्याने वर आलेली माणसे पुष्कळ, अशा या शहरात प्रतिष्ठा कमवावी लागे आणि चारचौघांत दाखवावीही लागे. पौल येथे सुमारे दीड वर्ष राहिला. त्या काळात प्रांताधिकारी असलेल्या गल्लियोचा उल्लेख डेल्फी येथील शिलालेखात सापडल्यामुळे हा मुक्काम इ.स. 50 ते 52 च्या सुमारास झाला असे निश्चित करता येते. पुढे काही वर्षांनी इफिस येथे असताना त्याच्या कानावर जे आले, त्याला उत्तर म्हणून त्याने करिंथकरांस पहिले पत्र लिहिले.

त्याच्या कानावर आले ते क्लेशदायक होते. मंडळीत पौलाचे, अपुल्लोस या उपदेशकाचे, केफाचे म्हणजे पेत्राचे असे तट पडले होते. प्रभुभोजनासाठी सारे एकत्र जमत तेव्हा काहीजण खाऊनपिऊन तर्र होत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. आणि उपासनेत अन्य भाषा बोलणारे स्वतःला इतरांहून अधिक आध्यात्मिक समजत. अन्य भाषा बोलणे म्हणजे प्रार्थनेच्या भरात, बोलणाऱ्यालाही न समजणाऱ्या शब्दांत देवाची स्तुती करणे. पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या परदेशीयांना शिष्यांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले, असे प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. करिंथमध्ये मात्र अर्थ सांगणारा कोणी नसेल, तर ते बोलणे कोणालाच कळत नसे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या मंडळीत कोणत्याही कृपादानाची उणीव नाही, अशी पोचपावती पौल पत्राच्या आरंभीच देतो आणि तिसऱ्या अध्यायात त्याच मंडळीला दूधपिती बालके म्हणतो. कारण कृपादानांची विपुलता आणि आध्यात्मिक परिपक्वता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्याला ठामपणे वाटते.

शरीराचे रूपक

पौलाने उत्तरादाखल शरीराचे रूपक वापरले. करिंथच्या उत्खननात आरोग्यदेव अस्क्लेपियसच्या देवळाच्या परिसरात भाजलेल्या मातीचे हात, पाय, कान, स्तन अशा अवयवांचा मोठा साठा सापडला आहे. पौलाच्या आधी तीन-चारशे वर्षे लोक बऱ्या झालेल्या अवयवाची प्रतिकृती तेथे नवस म्हणून वाहत असत. वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहिले जाताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही प्रथा चटकन कळेल. सुट्या अवयवांची ती रास आणि पौलाचे रूपक एकमेकांशेजारी ठेवले, की त्याचा मुद्दा स्पष्ट होतो: डोळा कितीही तेजस्वी असला, तरी शरीरापासून वेगळा काढलेला डोळा काही पाहू शकत नाही.

हे रूपक रोमन जगाला नवे नव्हते. इ.स.पूर्व 494 मध्ये रोमचे सामान्यजन शहर सोडून निघून गेले, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा याने पोट आणि अवयव यांच्या भांडणाची गोष्ट सांगून त्यांची समजूत घातली, असे लिव्ही हा इतिहासकार सांगतो. राबणाऱ्या हातापायांनी पोटाशी, म्हणजे सत्ताधारी वर्गाशी, वैर धरू नये, हे त्या गोष्टीचे तात्पर्य होते. पौलाने हेच रूपक उलट्या दिशेने वळवले. जे अवयव दुबळे वाटतात त्यांच्यावाचून भागत नाही आणि ज्यांना मान कमी त्यांना देवानेच अधिक मान दिला आहे, असे तो बलवानांना सुनावतो.

हाच विचार त्याच्या यादीतही उतरला आहे. बाराव्या अध्यायाच्या शेवटी रोग बरे करणे आणि अन्य भाषा या दोन लक्षवेधी कृपादानांच्या मधोमध त्याने दोन साधी कामे ठेवली आहेत: साहाय्य करणे आणि कारभार चालवणे. यांतील कारभारासाठी वापरलेला ‘किबेर्नेसिस’ हा ग्रीक शब्द सुकाणू धरण्याच्या कामावरून आलेला आहे. दोन बंदरांच्या शहरातील वाचकाला सुकाणूवाल्याचे मोल वेगळे समजावण्याची गरज नव्हती. वादळात गलबत वाचते ते त्याच्या सावधपणामुळे, हे तेथे पोरासोरांनाही ठाऊक होते. करिंथकरांना ज्याचा सर्वाधिक अभिमान होता, ते अन्य भाषांचे दान मात्र पौलाने दोन्ही वेळा यादीच्या शेवटी घातले आहे.

वापराचे नियम

तेराव्या अध्यायातील प्रीतीचे प्रसिद्ध विवेचन विवाहप्रसंगी वाचले जाते, तेव्हा त्याचा मूळ संदर्भ सहसा निसटतो. ते लिहिले गेले ते कृपादानांवरून भांडणाऱ्या मंडळीसाठी, आणि प्रीतीवाचून कोणतेही दान निष्फळ आहे, हे तिला बजावण्यासाठी. त्यानंतरच्या चौदाव्या अध्यायात पौल थेट व्यवहारावर येतो. ज्याने मंडळीची उन्नती होते ते उपासनेत करावे, ही त्याची एकमेव कसोटी आहे. ‘उन्नती’साठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द घर बांधण्याच्या कामातला आहे. रणशिंगाचा सूर अस्पष्ट निघाला तर सैन्य सज्ज होत नाही, आणि प्रार्थनेचा अर्थच न समजलेला शेजारी तिला ‘आमेन’ तरी कसे म्हणणार, असे तो विचारतो. एका सभेत अन्य भाषा बोलणारे दोन किंवा फार तर तीन असावेत, त्यांनी पाळीपाळीने बोलावे, कोणीतरी अर्थ सांगावा आणि अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने सभेत गप्प राहावे, असे नियम तो घालून देतो. देवाकडून आलेला संदेश सांगणाऱ्यांवरही बंधन आहे: त्यांनी दोघांनी किंवा तिघांनी बोलावे आणि इतरांनी त्या बोलण्याची पारख करावी. देवाचे नाव घेऊन कोणी काही सांगितले, की ते निमूटपणे मानलेच पाहिजे, या समजुतीला या नियमात मुळीच थारा नाही.

दानांना वाव आणि त्यांची पारख या समतोलातील एकेक पारडे पुढच्या काळात जड होत गेले. दुसऱ्या शतकात फ्रिजिया प्रांतात माँटेनस आणि त्याच्या सहकारी स्त्रिया प्रिस्किल्ला व मॅक्सिमिल्ला यांनी आपली भविष्यवाणी सर्वांवर बंधनकारक मानली, तेव्हा मंडळीच्या धुरीणांनी त्यांना विरोध केला. चौथ्या शतकाच्या अखेरीस जॉन क्रिसोस्तोम याने, अशा गोष्टी आता घडत नसल्यामुळे पौलाचा हा भाग दुर्बोध झाला आहे, असे प्रवचनात मान्य केले. अद्भुत दाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली, हे मत अनेक प्रॉटेस्टंट परंपरांत रुजले. विसाव्या शतकात लॉस एंजेलिसमधील अझुसा रस्त्यावर 1906 मध्ये सुरू झालेल्या उपासनांनी पेंटेकॉस्टल चळवळीला जगभर नेले, तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये, कृपादाने असाधारण असोत वा साधी, कृतज्ञतेने स्वीकारावीत आणि त्यांची पारख मंडळीच्या धुरीणांनी करावी, असे कॅथलिकांना सांगितले.

केडगावची कसोटी

या जागतिक इतिहासात पुणे जिल्ह्यातील केडगावला मानाचे स्थान आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून 1905 मध्ये, म्हणजे अझुसा रस्त्याच्या आधी, आध्यात्मिक जागृतीची मोठी लाट उसळली. दुष्काळातून, बालवैधव्यातून आणि निराधार अवस्थेतून आलेल्या शेकडो मुली-स्त्रिया तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, पापांची कबुली देऊ लागल्या, आणि पुढे काहीजणी अन्य भाषाही बोलू लागल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी या जागृतीनंतर लिहिलेली पुस्तिका चिली देशातील मेथडिस्ट मंडळींपर्यंत पोहोचली आणि 1909 च्या तेथील जागृतीला ती एक कारण ठरली.

रमाबाईंची भूमिका या संदर्भात फार मोलाची आहे. त्यांनी मुलींच्या अनुभवाची टवाळी होऊ दिली नाही. परंतु अन्य भाषा बोलणे हीच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव खूण आहे, हे मतही त्यांनी स्वीकारले नाही आणि आवश्यक खूण प्रीतीची आहे असा आग्रह धरला. त्या आग्रहाला मुक्तीतील दैनंदिन जीवनाचा आधार होता. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम रमाबाईंनी दीड दशकाहून अधिक काळ चालवले आणि 1922 मध्ये मृत्यूपूर्वी ते पुरे केले. ते छापले गेले ते मिशनच्या छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी. छपाईच्या खिळ्यावरचे अक्षर उलटे असते; काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांसाठी देवनागरी खिळ्यांच्या पेट्यांत कितीतरी घरे असतात; त्यांतून नेमका खिळा उचलायचा, ओळ जुळवायची, मुद्रित तपासायचे, चुकलेला खिळा काढून दुसरा बसवायचा, आणि हे पानामागून पान, वर्षानुवर्षे करायचे. ज्या हातांना लिहिण्यावाचण्याचा हक्कच समाजाने नाकारला होता, त्या हातांनी हे जुळाऱ्याचे काम केले. प्रार्थनामंदिरात उसळलेला भाव आणि छापखान्यातली ही चिकाटी एकाच आत्म्याची दाने आहेत, असे पौलाच्या शिकवणुकीनुसार म्हणावे लागते.

आजच्या मंडळीत

कृपादाने ओळखण्यासाठी आज अनेक मंडळ्यांत प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. आपल्या आवडीनिवडी तपासण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. तथापि पौलाच्या विवेचनात आरंभ व्यक्तीच्या आवडीपासून होत नाही, मंडळीच्या गरजेपासून होतो. जवळच्या माणसांना कशाची उणीव आहे हे पाहावे, हाती येईल ती सेवा करून बघावी आणि आपल्या सेवेने इतरांचे भले होते की नाही, हे त्यांनाच सांगू द्यावे, हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. दान स्वतःला दिसण्याआधी ते बहुधा शेजाऱ्याला दिसते. दान मिळाले म्हणून शिक्षणाची गरज संपते, असेही नाही. पाळक आणि शिक्षक दिले आहेत ते इतरांना सेवेसाठी तयार करण्याकरता, असे इफिसकरांस पत्र स्पष्टपणे सांगते.

रोग बरे करण्याच्या दानाविषयी विशेष सावधगिरी हवी. रोगी बरा झाला नाही की त्याच्या विश्वासात कमतरता होती, असे सांगणे क्रूरपणाचे आहे आणि शास्त्राला धरूनही नाही. पौलाने स्वतःच्या शरीरातील ‘काटा’ दूर व्हावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, तरी तो राहिला; त्रफिम या सहकाऱ्याला मिलेत येथे आजारी सोडून त्याला पुढे जावे लागले, असे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आहे. प्रार्थना आणि औषधोपचार यांच्यात वैर मानण्याचेही कारण नाही; डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत 1894 मध्ये सुरू केलेल्या मिशन रुग्णालयासारख्या संस्था ख्रिस्ती सेवाभावातूनच उभ्या राहिल्या. जो कोणी बरे करण्याच्या नावाने पैसे मागतो, औषध बंद करायला लावतो किंवा आपल्या बोलण्याची पारख होऊ देत नाही, त्याने चौदाव्या अध्यायाची मर्यादा ओलांडलेली असते.

पेत्राने आपल्या पत्रात कृपादान मिळालेल्यांना ‘कारभारी’ म्हटले आहे. कारभाऱ्याच्या हाती धन्याचे घर असते, पण ते त्याच्या मालकीचे नसते. घरातील माणसांना वेळच्या वेळी मिळावे म्हणून कोठाराची किल्ली त्याच्याकडे असते. रविवारी व्यासपीठावरून संदेश देणारा पाळक आणि उपासनेनंतर मागे राहून एकट्या म्हातारीला हात धरून घरापर्यंत पोहोचवणारी बाई या दोघांकडे अशीच एकेक किल्ली आहे. पहिल्याचे दान मंडळी सहज ओळखते. दुसरीचे ओळखायला मंडळी ज्या दिवशी शिकेल, त्या दिवशी करिंथकरांना लिहिलेले पत्र आपल्यालाही पोहोचले, असे तिला म्हणता येईल.