औषधाच्या पाकिटावरचा चौकोन वाचायला शिका

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या उशाशी औषधांची एक पिशवी असते. एक गोळी सरकारी दवाखान्यातली, दुसरी खासगी डॉक्टरांची, तिसरी शेजारणीने सांगितलेली. नावे इंग्रजीत, अक्षरे बारीक. आजी रंग पाहून गोळी घेते. रंग बदलला की घोटाळा झालाच!

हा घोटाळा जिवावर बेतू शकतो. क्रोसिन आणि डोलो ही नावे वेगळी, पण दोन्हींत पॅरासिटामॉलच असते. वेगळी औषधे समजून दोन्ही घेतली तर मात्रा वाढते, आणि जादा पॅरासिटामॉल यकृताला घातक असते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसोबत अंगदुखीसाठी ॲस्पिरिन घेतली, तर रक्तस्रावाची भीती असते.

येथे औषध दुकानातील संगणक उपयोगी पडतो. रुग्णाची आधीची औषधे त्यात नोंदलेली असतील आणि तशी सोय असेल, तर तो पडद्यावर इशारा देतो. मुदत संपत आलेला माल दाखवतो. बिलावर बॅच नंबर छापतो. एखादी बॅच सदोष म्हणून परत मागवली गेली, तर आपली गोळी त्यातलीच का, हे ओळखता येते. पण नोंदच केली नाही, तर संगणक तरी काय सांगणार? चार दुकानांतून बिनबिलाने आणलेली औषधे त्याला दिसत नाहीत.

१ ऑगस्ट २०२३ पासून केंद्र सरकारने मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. औषधाचे मूळ नाव, उत्पादक, बॅच नंबर आणि मुदत ही माहिती त्या लहानशा चौकोनात असते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : शक्यतो एकाच दुकानातून औषधे घ्या. बिल मागा, तो आपला हक्क आहे. चालू असलेली सर्व औषधे फार्मासिस्टला दाखवा. शंका आली तरी गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनो, रविवारच्या वंदनेनंतर विहारात तासभर बसा. मोबाईलवर कोड वाचून वडीलधाऱ्यांच्या औषधांची मराठीत यादी करून द्या. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश केवळ पदवीपुरता नव्हता. तथागतांनी तर आजारी भिक्खूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली. आपल्याला एवढे जड जाऊ नये.

जय भीम!